चिल्लरीच्या गोणीचे कान

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालाच्या गाळ्यांची एक लांब ओळ आहे. सकाळच्या प्रहरी तिथे धान्याचा वास इतका दाट असतो, की नव्या माणसाला शिंका येतात आणि जुन्या माणसाला भूक लागते. त्या ओळीत सुंदराबाईने एकतीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवली. ज्वारीची, तांदळाची, हरभऱ्याची, हुलग्याची. समोर पोतं, मांडीवर सुतळीचा गुंडा, हातात वीतभर दाभण. तिच्या हाताखालून किती पोती गेली ते कोणी मोजलं नाही. पण यार्डातला कोणताही जुना हमाल पोत्याच्या कोपऱ्याला नुसता हात लावायचा आणि न बघता सांगायचा, "हे सुंदराबाईचं."

खूण होती पोत्याच्या कानात. तोंड शिवताना दोन्ही टोकांना थोडं गोणपाट मोकळं सोडतात आणि त्याला सुतळीचा वेढा देऊन मुठीत मावेल असा शेंडा काढतात. त्याला पोत्याचा कान म्हणतात. त्या दोन कानांना धरून हमाल पोतं पाठीवर घेतो. सगळे शिवणारे कानाला एक वेढा देतात. सुंदराबाई तीन द्यायची. एका वेढ्याने काम भागतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिचं मन एकाने भरत नव्हतं.

तिचा नवरा भीमराव हमाल होता. उंच, रुंद खांद्याचा, बोलायला कमी. यार्डाच्या पाठीमागे आंबेडकरनगरात त्यांची एक खोली होती. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून तो मिरवणुकीच्या पुढे चालायचा, तेव्हा वस्तीतली पोरं त्याच्या सावलीतून चालायची. एका पौषात, ट्रक लवकर सोडायचा म्हणून कोणीतरी घाईने तोंड शिवलेलं तांदळाचं पोतं त्याच्या पाठीवर आलं. त्या पोत्याला कानच काढले नव्हते. भीमरावने नुसतं गोणपाट मुठीत धरलं होतं. फळीवर चढताना पोतं सुटलं, त्याने ते सावरायला कंबर वळवली, आणि ती कंबर पुन्हा सरळ झाली नाही. तीन वर्षं तो खाटेवर होता. गेला तेव्हा त्याचे ते रुंद खांदे सुंदराबाईला एका हाताने उचलता आले.

ते पोतं कोणी शिवलं होतं, हे तिने कधी शोधलं नाही. शोधून त्याला काय सांगायचं होतं? पण दहाव्याच्या आत ती स्वतः दाभण घेऊन गाळ्यावर बसली आणि त्या दिवसापासून तिच्या हातचा कान तीन वेढ्यांचा झाला. शेजारच्या बाया हसायच्या. "सुंदरे, सुतळी काय सासऱ्याची आहे का?" ती म्हणायची, "शिवणारा बसलेला असतो, उचलणारा उभा असतो. बसलेल्याने उभ्याची काळजी करावी."

तसा कान काढायला तिने एकाच माणसाला शिकवलं. तो तिच्या भावाचा मुलगा, रामदास. भाऊ-भावजय लवकर गेले, म्हणून रामदास आत्याकडेच वाढला. पुढे तिच्या सोनालीचं आणि त्याचं जमलं. आत्याची मुलगी, मामाचा मुलगा. दोघांच्या लग्नात वस्तीने पोटभर जेवण केलं. रामदास भोसरीला पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या कारखान्यात लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाली आणि प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली. बोटं राहिली, पण वळेनात. कारखान्याने त्याला घरी बसवलं. तेव्हा सुंदराबाईने त्याला आपल्या शेजारी गाळ्यावर बसवलं आणि त्याच्या डाव्या हातात दाभण दिलं. दोन वर्षं तो तिच्याजवळ शिवत होता. त्याचे टाके डाव्या हाताचे, म्हणून उलट्या अंगाला कललेले. पण कान तेच, तीन वेढ्यांचे. पुढे त्याने शाळेच्या मुलांसाठी एक जुनी व्हॅन घेतली आणि पुण्याच्या कडेला नांदेड फाट्याला बिऱ्हाड केलं. त्यालाही आता बारा वर्षं झाली. रामदास कधी दाभण धरायचा, हे यार्डात कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

अलीकडे यार्डात पोती कमी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त झाल्या. पिशव्यांची तोंडं मशीन शिवतं. सुंदराबाईच्या पुढ्यातली ओळ आखूड होत गेली. अशात एक दिवस नारायण पेठेतले अनिरुद्ध नावाचे गृहस्थ तिला शोधत आले. शर्ट खोचलेला, चष्मा स्वच्छ, आणि शब्द मोजके. चिल्लर गोळा करणाऱ्या एका कंपनीचे ते व्यवस्थापक होते. टोलनाके, बसडेपो, मंदिरं, मंडया, जिथे जिथे नाणी साचतात तिथून ती आणायची, निवडायची, गोण्यांत भरायची आणि बँकांना पाठवायची, असा त्यांचा व्यवसाय. गंगाधामच्या रस्त्याला गोदाम.

"आजी, आमच्याकडे शिलाईचं मशीन आहे," ते म्हणाले.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"मशीन शिवतं. चिल्लर उसवते."

"आणि आजी म्हणू नका. सुंदराबाई म्हणा."

अनिरुद्धांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं. सुंदराबाई. सोमवारी नऊला. नऊ म्हणजे नऊ, साडेनऊ नव्हे."

ती पावणेनऊला गेली. तिथे दारात एक मशीन होतं, माणसाच्या अंगावर धातू असला की ओरडणारं. तिच्या दाभणाला पाहून ते रोज दोनदा ओरडायचं, येताना आणि जाताना. पहारेकरी दर वेळी म्हणायचा, "मावशी, आज काय नेताय?" आणि ती दर वेळी दाभण वर करून दाखवायची. तीन वर्षांत या बोलण्यात एक शब्द बदलला नाही.

नाणं म्हणजे धान्य नव्हे. धान्य पोत्यात निजतं, नाणं बसून राहतं. दोन रुपयांची पाच हजार नाणी एका गोणीत, वजन वीस किलो, आकार उशीएवढा. पण ते वजन एका जागी गोळा होऊन तळाला ओढ देतं. सुंदराबाई टाके जवळ घ्यायची, सुतळीला मेण लावायची. आणि एवढ्याशा गोणीलाही कान काढायची, तीन वेढ्यांचे. अनिरुद्ध एकदा म्हणाले, "वीस किलोला कान कशाला? हे काय भाताचं पोतं आहे?" ती म्हणाली, "तुम्ही एक उचलून बघा. मग तीनशे उचलून बघा." पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

त्या वर्षी हिंजवडीच्या म्हातोबाच्या जत्रेतलं बगाड, म्हणजे खांदेकऱ्यांनी न्यायच्या लाकडी गाड्याची मिरवणूक, आणि भीमजयंती दोनच दिवसांच्या अंतराने आली. बगाड शनिवारी, जयंती सोमवारी. शुक्रवारी गोदामात तीनशे गोण्या टेम्पोवर चढल्या, साताऱ्याच्या एका बँकेसाठी. चालक होता भैरू, हिंजवडीचाच. त्याच्या आजोबांची जमीन आता काचेच्या इमारतींखाली आहे, आणि त्याच इमारतींच्या गाड्यांच्या रांगेत भैरूची सकाळ जायची. टेम्पो शनिवारी पहाटे निघाला आणि कात्रजच्या अलीकडे त्याच्या मागच्या चाकांचा आस तुटला. जवळच उत्तरेश्वर नावाच्या माणसाचं पत्र्याच्या कुंपणाचं गॅरेज होतं. तिथे गाडी ओढून नेली. उत्तरेश्वर म्हणाला, आस मंगळवारशिवाय मिळत नाही. कंपनीने फोनवर भैरूला एवढंच सांगितलं की गाडी सोडू नकोस. बंदूकवाला कोणी पाठवला नाही. चिल्लरीला कोण बंदूकवाला देतो?

मंगळवारी गाडी दुरुस्त होऊन साताऱ्याला पोचली. गोण्या मोजून उतरल्या, तीनशे. वजन बरोबर, शिवण शाबूत. दोन दिवसांनी बँकेत गोण्या उघडायला घेतल्या, तर एकशे चाळीस गोण्यांत नाणी नव्हती. लोखंडाच्या चकत्या होत्या. कारखान्यात पत्र्याला भोकं पाडताना जे गोल तुकडे खाली पडतात, ते. हलवल्या की तशाच खुळखुळायच्या.

अनिरुद्धांनी गोदामात सगळ्यांना उभं केलं. "बँकेने चिल्लर मागितली होती," ते म्हणाले, "भंगार नव्हे. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिलं भंगार." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण स्वच्छ चष्मा त्यांनी तीनदा पुसला.

शुक्रवारी भैरूला पोलिसांनी धरलं. त्याने आधी सांगितलं, मी तिन्ही रात्री गाडीतच झोपलो. मग कळलं की तो शनिवारी दुपारीच हिंजवडीला गेला होता आणि सोमवारी संध्याकाळी परतला. खोटं बोललेला माणूस पोलिसांना अर्धा गुन्हा कबूल केल्यासारखाच वाटतो. उत्तरेश्वरने सांगितलं, मी गावी होतो, कुंपणाला कुलूप होतं, पुढचं मला ठाऊक नाही.

शनिवारी सकाळी सुंदराबाईला ठाण्यात बोलावणं आलं.

उपनिरीक्षक दीपाली मॅडम वयाने तिच्या सोनालीएवढ्या होत्या. टेबलावर एक रिकामी गोणी पसरलेली, तोंडाची शिवण तशीच ठेवून बाजूने फाडलेली. "मावशी, बसा. ही तुमची शिवण का?"

सुंदराबाई बसली नाही. तिने गोणीच्या कानाला हात लावला. बोटाखाली तीन वेढे आले. एक, दोन, तीन. मग तिने टाक्यांवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा मध्येच थांबला.

टाके उलट्या अंगाला कलले होते.

"आम्ही यार्डात विचारलं," मॅडम सांगत होत्या. "दहा जणांना. दहाही जण म्हणाले, असा कान पुण्यात एकच बाई काढते. आता तुम्ही शनिवार-रविवार कुठे होतात तेही विचारलंय. जयंतीच्या मांडवाचं कापड शिवत होतात, दोन्ही दिवस, सगळ्या वस्तीसमोर. म्हणजे तुम्ही नाही. मग कोण?"

सुंदराबाईच्या डोळ्यांपुढे सोमवारची संध्याकाळ आली. जयंतीच्या जेवणाला रामदास आला होता. मिरवणुकीत नाचला नाही, हात दुखतो म्हणाला. डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात लाल चिरा पडल्या होत्या. "व्हॅनचा पाना लागला, आत्या." तिने स्वतःच्या हाताने त्याला खोबरेल लावलं होतं. सुतळी किती खोल चिरते हे जिला आयुष्यभर माहीत, तिने त्या चिरांना तेल लावलं आणि तिच्या काही ध्यानात आलं नाही. पोटच्यासारख्या माणसाच्या हाताकडे कोण संशयाने बघतं?

"कान माझा आहे," ती म्हणाली. "हात माझा नाही."

"कोणाचा?"

तिने गोणीवरचा हात काढून घेतला. दारातला हवालदार म्हणाला, "मावशी, हा काय उखाणा आहे का? नाव घ्यायला लाजताय ते."

मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग सुंदराबाईला म्हणाल्या, "उद्या अकरापर्यंत विचार करा. त्यानंतर मी भैरूला पुन्हा सुट्टीच्या कोर्टापुढे उभं करणार आहे. त्याच्यावर सगळं येतंय, तुम्हाला दिसतंय ना?"

बाहेर कडुलिंबाच्या बुंध्याशी एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, डोळे सुजलेले. ती उठून समोर आली.

"तुमीच का त्या पोती शिवणाऱ्या? म्या मुक्ताई. भैरूची बायकू."

सुंदराबाईने मान हलवली.

"माझा नवरा खोटं बोलला, ह्ये खरं हाय. पर कशापायी बोलला त्ये कुणी इचारत न्हाई. बगाडाला खांदा द्यायचा मान आमच्या घरचा हाय. जमिनी ग्येल्या, बैल ग्येले, गोठ्याच्या जागी लोकांच्या मोटारी हुभ्या ऱ्हात्यात. मान तेवढा ऱ्हायलाय. त्यो सोडून ह्यो चिल्लरीशेजारी कसा बसंल? ग्येला. आन् सायबाला सांगितलं असतं तर नोकरी ग्येली असती, म्हनून खोटं बोलला." तिने पदराने नाक पुसलं. "तुमाला ठावं हाय, बाई. तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगा नायतर सांगू नका. पर माझ्या लेकरांकडं बगून मग घरी जा."

दोन मुली कट्ट्यावर पाव खात बसल्या होत्या. सुंदराबाईने बघितलं. मग ती चालू लागली.

ती घरी गेली नाही. यार्डात गेली, गाळ्यावरून दहा किलो ज्वारी एका लहान पोत्यात घेतली. सोनालीला ती अधूनमधून अशी ज्वारी न्यायचीच. पोत्याचं तोंड मात्र तिने आज उघडं ठेवलं, वर पदर टाकला, आणि स्वारगेटला बस बदलून दुपारी नांदेड फाट्याला उतरली.

रामदास घरीच होता. सोनाली एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची, तिची यायची वेळ झालेली नव्हती. नात स्वराली शाळेत. व्हॅन दारात उभी होती, मागच्या काचेवर शाळेचं नाव खरवडून काढलेलं. शाळेने गेल्या जूनपासून स्वतःच्या बसगाड्या घेतल्याचं सोनालीने मागे सांगितलं होतं.

"आत्या? फोन तरी करायचा. मी आलो असतो न्यायला."

"पाणी दे." पाणी पिऊन तिने पोतं त्याच्या पुढे सरकवलं, कनवटीचं दाभण आणि सुतळी काढून वर ठेवली. "तोंड शिवून टाक एवढं. उंदीर लागतील. माझे डोळे आज चालत नाहीत."

रामदास हसला. "इतक्या वर्षांनी? येतंय का बघू." त्याने डाव्या हातात दाभण घेतलं. पहिला टाका चुकला, दुसरा बरा पडला, तिसऱ्यापासून हात आपोआप चालू लागला. सुंदराबाई भिंतीला टेकून बघत राहिली. बाहेर कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी कोणाला हाक मारली. रामदासने शेवटचा टाका ओढला, कोपऱ्याचं गोणपाट चिमटीत धरलं आणि कान काढायला घेतला. एक वेढा. दुसरा वेढा. तिसऱ्या वेढ्याला त्याची बोटं थांबली.

त्याने वर पाहिलं. आत्या त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

सुतळी त्याच्या चिमटीतून सुटली.

"चोरीच्या गोणीला कान कशाला काढलेस रे?" तिचा आवाज अगदी हळू होता. "एकशे चाळीस गोण्या. दोनशे ऐंशी कान. नुसतं तोंड शिवलं असतंस तर कोणाला कळलं नसतं."

रामदासने दाभण खाली ठेवलं. "उत्तरेश्वरपण ओरडत होता. म्हणाला, भंगाराला नटवतोस काय? मला थांबताच येईना, आत्या. आत काय आहे ते मला माहीत होतं. पण साताऱ्याला कोणीतरी ते पाठीवर घेणारच होतं ना. त्याला काय माहीत आत काय आहे." तो थोडा थांबला. "डोळ्यासमोर मामा यायचे."

भीमरावला तो मामा म्हणायचा. सुंदराबाईने डोळे मिटून घेतले. तिला राग यायला हवा होता, आणि रागाच्या जागी असं काही येत होतं की त्याला नाव नव्हतं. आपलंच शिकवणं इतकं चांगलं निघालं होतं, आणि ते इतक्या वाईट जागी उभं होतं.

मग रामदासने सगळं सांगितलं. व्हॅन उत्तरेश्वरकडेच दुरुस्तीला जायची. शाळेचं काम सुटल्याचं उत्तरेश्वरला ठाऊक होतं. पोत्यांचं काम येतं, हे रामदासनेच कधीतरी गप्पांत त्याला सांगितलं होतं. भैरू बगाडाला गेला आणि तासाभरात उत्तरेश्वरचा फोन आला. चकत्या कुठे मिळतील हे रामदासला माहीत होतं. भोसरीची ओळख अजून होती. दोन दिवस तो आणि उत्तरेश्वर पत्र्याच्या कुंपणाआड बसले होते. नाणी गॅरेजमागे तेलाच्या रिकाम्या पिंपांत होती. अजून तशीच होती. दोन-दोन रुपये करत किती दिवसांत बाहेर काढायची, हेच दोघांना सुचत नव्हतं.

"भैरू आत आहे," ती म्हणाली.

"त्याला जामीन मिळेल. पुरावा काय त्याच्यावर? आत्या, तुम्ही फक्त गप्प बसा. तुमच्यावर कोणाचा संशय नाही, माझं नाव कोणाला ठाऊक नाही. महिनाभर. सगळं थंड होईल."

"त्याच्या पोरी कट्ट्यावर पाव खात होत्या."

"आणि माझी? स्वराली पुढच्या वर्षी दहावीला आहे. तिला शाळेत काय म्हणतील?"

"उद्या अकराला मी ठाण्यात बसणार आहे," सुंदराबाई म्हणाली. "तू आपल्या पायाने ये. नाणी कुठे आहेत ते सांग. आपल्या पायाने आलेल्याला निदान मान वर करून उभं राहता येतं."

"आणि नाही आलो तर?"

तेवढ्यात दारात सावली पडली. सोनाली उभी होती, हातात भाजीची पिशवी. किती ऐकलं होतं कोणास ठाऊक; पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पुरेसं ऐकलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली नाही.

"तू त्याला शिवायला शिकवलंस," ती आईला म्हणाली. "आता तूच त्याला अडकवणार?"

"सोना..."

"बाबांना ज्याने मोडलं त्याचं नाव तू कधी शोधलं नाहीस. परक्याला माफी. आणि घरच्याचं नाव पोलिसांत?"

हे खरं होतं, म्हणूनच ते आत गेलं. सुंदराबाई उठली. तिने चपला घातल्या. उंबऱ्यात ती म्हणाली, "त्या वेळी माझ्या गप्प राहण्याने दुसरं कोणी आत जात नव्हतं, बाई." सोनालीने वाट सोडली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी सकाळी साडेनऊपासून सुंदराबाई ठाण्यातल्या बाकावर होती. पांढरी साडी, धुतलेली, इस्त्री केलेली. दहा वाजले. साडेदहा झाले. फाटकातून माणसं येत होती. हरवलेला फोन, फुटलेली काच, भाडेकरूंचे कागद. दर पावलाला तिची मान वळायची. हवालदाराने चहा आणून दिला. "घ्या मावशी. सरकारी नाही, माझा आहे, म्हणून बरा आहे." तिने कप हातात धरून ठेवला, तो तसाच निवला.

मनातल्या मनात तिने रामदासला नांदेड फाट्यावरून निघताना पाहिलं, स्वारगेटला उतरताना पाहिलं, चौकात रस्ता ओलांडताना पाहिलं. तिने त्याला फाटकापर्यंत आणलं. पण फाटकातून कोणी आलं नाही.

अकराला पाच मिनिटं कमी असताना दीपाली मॅडम बाहेर आल्या. "मावशी?"

सुंदराबाई उठली. आतल्या खोलीत भैरूला खुर्चीवर बसवलेलं होतं. चार दिवसांची दाढी, आणि बगाडाच्या भंडाऱ्याचा पिवळेपणा अजून त्याच्या शर्टाच्या कॉलरला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि काही मागितलं नाही. त्याने हात जोडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"लिहा," ती म्हणाली. "कान काढायला मी आयुष्यात एकालाच शिकवलं."

मॅडमनी पेन उघडलं. "नाव?"

"रामदास काशिनाथ ओव्हाळ. राहणार नांदेड फाटा. टाके डाव्या हाताचे आहेत, ते गोणीवर दिसतील. नाणी उत्तरेश्वरच्या गॅरेजमागे पिंपांत आहेत."

पेन चाललं, मग थांबलं. "तुमचं आणि त्यांचं नातं?"

"भाऊ माझा लवकर गेला. त्याचा मुलगा. मी वाढवला." तिने ओठ ओले केले. "आणि जावई."

मॅडमनी दोन्ही नाती एकाखाली एक लिहिली. दारातला हवालदार हातातली किल्ली खुळखुळवायची थांबला. मग मॅडमनी कागद तिच्याकडे वळवला आणि अंगठ्याची शाई पुढे केली. सुंदराबाईने ती बाजूला सारली. साक्षरतेच्या वर्गात ती दोन हिवाळे गेली होती. तिने पेन घेतलं आणि एक एक अक्षर टाका घालावा तसं घालत सही केली.

"आता घरी जा, मावशी. रिक्षा बोलावू?"

"मी थांबते. ज्याचं नाव घेतलं त्याला तोंड दाखवायला नको?"

ती पुन्हा बाकावर बसली. दुपारी दोनला गाडी आली. रामदास मागून उतरला, त्याच्या आधी उत्तरेश्वर. कोणी ओढलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. तिच्यासमोरून जाताना तो थांबला, हवालदारानेही थांबू दिलं.

"मी कपडे घालून बसलो होतो, आत्या," तो म्हणाला. "दहा वाजल्यापासून. दारापर्यंत आलो दोनदा."

सुंदराबाई बाकावरून पुढे झुकली. तिने त्याच्या डाव्या हाताला हात लावला. चिरांवर खपल्या धरल्या होत्या.

"भैरूला सोडलं का?" त्याने विचारलं.

"सोडतायत."

त्याने मान हलवली आणि तो आत गेला.

ऊन उतरलं. भैरू बाहेर आला, मुक्ताईने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग ती रडली. जाताना ती बाकापाशी आली, काही म्हणणार होती, पण सुंदराबाईच्या तोंडाकडे बघून नुसतीच वाकली आणि तिच्या पायाला हात लावून गेली. अनिरुद्ध एक चक्कर टाकून गेले. "तुमचं मेण गोदामात राहिलंय," ते म्हणाले, "उद्या नऊला या. नऊ म्हणजे नऊ." त्यांना यापेक्षा मऊ बोलता येत नव्हतं, हे तिला कळलं. आपण जाणार की नाही, हे मात्र तिला कळलं नाही.

पाचच्या सुमाराला फाटकात सोनाली दिसली. केस न विंचरलेले, हातात तीन पुडांचा डबा. ती सरळ आत चालली. आईसमोरून गेली, तिने पाहिलं नाही. पायरीपाशी पोचली आणि तिथेच थबकली. पुढे खोल्या दोन होत्या, दारं दोन होती, आणि कोणत्या दाराशी काय म्हणायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरातलं कोणी आजवर इथे डबा घेऊन आलं नव्हतं.

ती मागे वळली नाही. पायरीकडे बघतच तिने विचारलं, "आत घेतात का हे? का परत पाठवतात?"

सुंदराबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठली. पाय आखडले होते.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "चल, विचारू."